वाइनची द्राक्षे: एकरी नऊ टन की पाच टन?

खरड छाटणीच्या सुमारास दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. शिवारफेरी आटोपून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चहा घेत बसलो, तर एका बागायतदाराने पिशवीतून दोन बाटल्या काढून समोर ठेवल्या. सरपंच चपापले. “अण्णा, घाबरू नका. प्यायला नाही, साहेबांना विचारायला आणल्यात,” तो म्हणाला. एक बाटली स्वस्तातली, कुठल्याही परवानाधारक दुकानात मिळणारी. दुसरी एका छोट्या वायनरीची, किंमत पहिलीच्या जवळजवळ चौपट.

या शेतकऱ्याकडे दोन एकर शिराज आहे. त्याच्या मालाला दोन गिऱ्हाइके आली. एक मोठी कंपनी. येईल तेवढा माल नेऊ म्हणते. दुसरी छोटी वायनरी. दर जास्त देऊ, पण निम्मे घड कापून टाका म्हणते. “साहेब, दोन्हीत द्राक्षाचाच रस. मग एवढा फरक कशाचा? आणि त्या फरकातलं माझ्या पदरात काय?”

वाइनचा विषय या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा गावोगावी केवढा वाद झाला ते आठवत असेल. प्यावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी स्वतः घेत नाही. पण बाग आपल्या माणसाची आहे, कर्ज त्याच्या नावावर आहे, म्हणून हिशेब मांडणे आपले काम.

प्रथम स्वस्त मालाचे बघू. आपल्याकडे सर्वात खपते ती गोड ‘पोर्ट’. पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातल्या अस्सल पोर्टमध्ये रस अर्धवट आंबलेला असतानाच द्राक्षाचे मद्यार्क घालून आंबवणे थांबवतात, त्यामुळे गोडी मूळ द्राक्षाचीच राहते. आपल्याकडची बहुतेक पोर्ट बंगलोर ब्लू द्राक्षाची, वरून गोड केलेली. म्हणजे नाव तेवढे तिकडचे. याशिवाय साधी स्वस्त वाइन असते. अनेक बागांचा माल मोठ्या टाक्यांत एकत्र होतो, चव दरवर्षी सारखी राहील अशी मिसळ करतात, आणि काही महिन्यांत बाटली बाजारात. याला भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या कारखान्याची प्रयोगशाळा चांगली असते, माल सहसा बिघडत नाही. फक्त त्याला तुमच्या बागेची चव नको असते, त्याला टनेज हवे असते.

नेटाने केलेल्या वाइनचे काम बागेतच सुरू होते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, गरातून नाही. म्हणून मणी लहान हवा, साल जाड हवी. थॉमसनला आपण जीएमध्ये बुडवून मणी फुगवतो. इथे नेमके उलटे. वेलीच्या पानांची ताकद ठरलेली असते. घड जास्त ठेवले की साखर वाटली जाते, रंग फिका पडतो. कोवळेपणी विरळणी केली तर उरलेल्या घडांत ब्रिक्स २३-२४ पर्यंत चढतो. सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे लिटरला एक टक्का अल्कोहोल तयार होते, म्हणजे एवढ्या ब्रिक्सच्या रसातून १३ टक्क्यांच्या आसपासची वाइन बाहेरून साखर न घालता मिळते.

पुढे तोडणी. भल्या पहाटे, उन्हाच्या आत, लहान क्रेटमध्ये, म्हणजे खालचा घड चेंगरत नाही. सडके मणी हाताने निवडायचे. लाल रस आंबू लागला की साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, आणि टाकी फार तापू द्यायची नाही. गुळव्या काहिलीपाशी जसा डोळ्यात तेल घालून उभा असतो, तसेच हे. त्यानंतर काही वाइन ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात वर्ष-वर्षभर मुरते. अशा एका पिंपातून जेमतेम ३०० बाटल्या निघतात, त्यातही काही वाइन लाकडातून उडून जाते. स्वस्त मालात पिंपाऐवजी ओकच्या ढलप्या टाकीत सोडून तोच वास आणतात.

पण छोटा म्हणजे चांगलाच, असे मुळीच समजू नका. स्वच्छता पाळली नाही, टाकीत हवा राहिली, तर त्याच सुंदर द्राक्षाचे व्हिनेगर होते. निर्यातीच्या पेटीत आपण गंधकाचा पॅड घालतो, तसा वाइनमध्येही मोजून सल्फाइट वापरतात. ‘आम्ही काहीच वापरत नाही’ असे फुशारकीने सांगणाऱ्या नवख्याला माल देण्यापूर्वी त्याची मागच्या सालची वाइन टिकली का, ते विचारावे.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, बाजारभाव समजू नये. मोठी कंपनी एकरी ९ टन घेते आणि किलोला ३० रुपये देते, म्हणजे २ लाख ७० हजार. छोटी वायनरी ५ टनांवर थांबा म्हणते. तेवढेच पैसे यायचे तर तिने किलोला ५४ रुपये द्यायला हवेत. ही झाली नुसती बरोबरी. विरळणीची मजुरी वेगळी. शिवाय ब्रिक्स चढावा म्हणून घड आणखी आठ-पंधरा दिवस वेलीवर राहतात. तेवढ्यात मणी सुकून वजन घटते, आणि मार्चमधली गारपीट किंवा अवकाळी आली तर नुकसान शेतकऱ्याचे. ही जोखीम दरात धरलीच पाहिजे.

छोट्या वायनरीला हा दर परवडतो का? ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. ३० च्या दराने साडेसदतीस रुपयांची, ५४ च्या दराने साडेसदुसष्ट रुपयांची. फरक बाटलीमागे फक्त ३० रुपये! बाटल्यांच्या किमतीत मात्र कित्येकशे रुपयांचे अंतर असते. ते पिंप, काच, अडकलेले भांडवल, परवाना आणि दुकानदाराचे कमिशन यांत जाते. तरीही द्राक्षाचा चांगला दर मागताना संकोच करू नये, एवढे यावरून नक्की दिसते.

जुन्या लोकांना मागचे आठवत असेल. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिक आणि सांगली भागांत वायनऱ्या झपाट्याने निघाल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. शेजाऱ्याने लावली म्हणून आपणही लावली, असे पुष्कळांचे झाले. मग २००८ ची जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतली मागणी घसरली. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, माल कोण घेणार? वाइनचे द्राक्ष ना बाजारात खायला विकते, ना त्याचा धड बेदाणा होतो. बिया आणि जाड साल. अनेकांनी उभ्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ज्यांच्या बागा गेल्या त्यांना त्याचा काय उपयोग!

म्हणून त्या बागायतदाराला मी सांगितले, दर नंतर बघू, आधी कागद बघू. पाच टनांवर थांबायचे तर पैसे किलोवर न घेता एकरावर ठरवून मागावेत. ब्रिक्स कोण मोजणार, कुठे मोजणार, हे लिहून घ्यावे. नमुना उन्हातल्या दोन घडांचा नको. बागेच्या सगळ्या बाजूंचे शंभर मणी घेऊन रस काढावा आणि रिफ्रॅक्टोमीटर दोघांसमोर लावावा. तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला तर माल कोणत्या दराने उचलणार? वजन कोणाच्या काट्यावर? पैसे किती दिवसांत? छोट्या वायनरीकडे गोड बोलणे भरपूर असते, कागद कमी असतो.

त्याने एक एकर मोठ्या कंपनीला आणि एक एकर छोटीला द्यायचे ठरवले आहे. गोडी छाटणीआधी सही झालेला करार हातात आला नाही, तर दोन्ही एकरांत घड पूर्ण ठेवणार, असे त्याने कळवूनही टाकले. बाटल्या मात्र न उघडताच पिशवीत परत गेल्या, आणि सरपंचांनी दुसरा चहा मागवला.