उरणचे वायू विद्युत केंद्र : एका इंधनातून दोनदा वीज

वसईच्या जुन्या इंग्रजी नावाने, म्हणजे बेसीन या नावाने, ओळखले जाणारे मोठे वायुक्षेत्र अरबी समुद्राच्या तळाखाली आहे. त्याच्या दक्षिण भागातील वायूत हायड्रोजन सल्फाइड असल्यामुळे तो शुद्धीकरणासाठी मुख्यतः गुजरातेतील हजिऱ्याला जातो. मुंबई हाय क्षेत्रात तेलासोबत वर येणारा वायू मात्र मोठ्या प्रमाणावर रायगड जिल्ह्यातील उरणला उतरतो, आणि त्याच्याच आधारावर बोकडविऱ्याचे वायू विद्युत केंद्र उभे राहिले. महानिर्मितीच्या या केंद्राची वीज राज्याच्या ज्या जाळ्यात मिसळते, त्याच जाळ्यातून महावितरण वसई-विरारची घरे आणि कारखाने यांना वीज पुरवते.

समुद्रातील विहिरीतून तेलासोबत निघणारा वायू किनाऱ्यावर आणून वापरला नाही, तर तो विहिरीवरच जाळून टाकावा लागतो. हा अपव्यय टाळण्याच्या गरजेतून 1982 मध्ये उरणला प्रत्येकी 60 मेगावॅटचे वायू संच सुरू झाले आणि त्यानंतर 1985 च्या सुमारास प्रत्येकी 108 मेगावॅटचे चार संच आले. वायू संचाची रचना विमानाच्या जेट इंजिनाला जवळची असते : संपीडक, म्हणजे हवा दाबणारे यंत्र, बाहेरची हवा खेचून दाबते, दहनकक्षात तिच्यात वायू जळतो आणि तप्त, फुगलेले वायू टर्बाइनची पाती फिरवतात. टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग संपीडकालाच लागतो आणि उरलेली शक्ती जनित्राकडे जाते. हवा तापली की विरळ होते, म्हणून कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यांत, नेमकी विजेची मागणी वाढलेली असताना, अशा संचाची क्षमता घटते.

याहून मोठी उणीव धुराड्यातून दिसते. टर्बाइनमधून बाहेर पडणारे वायू सुमारे 500 अंश सेल्सियसइतके तप्त असतात आणि केवळ वायू संचच चालवला, तर इंधनातील जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा वाया जाते. संयुक्त चक्र, म्हणजे वायूचे आणि वाफेचे अशी दोन चक्रे जोडण्याची पद्धत, हीच उष्णता परत कामाला लावते. तप्त वायू बाष्पकातील नळ्यांवरून नेले जातात, पाण्याची वाफ होते आणि ती दुसरे टर्बाइन फिरवते. या बाष्पकाखाली वेगळी भट्टी पेटवावी लागत नाही. उरणला ही जोड 1994 मध्ये मिळाली. दोन वायू संचांमागे एक, असे 120 मेगावॅटचे दोन बाष्प संच बसले, त्यामुळे 108 मेगावॅटच्या चार संचांची 432 मेगावॅटची क्षमता 672 वर गेली आणि त्यासाठी वायूचा एक कणही अधिक जाळावा लागला नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हीच या केंद्राची सर्वांत मोठी मिळकत मानली पाहिजे. कोळशाच्या तुलनेत प्रत्येक युनिटमागे कार्बन डायऑक्साइड निम्म्याहून कमी निघतो आणि राखेचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच किनारपट्टीवरील डहाणूच्या कोळसा केंद्राशी हा फरक ताडून पाहण्यासारखा आहे.

यंत्र पूर्ण झाले, पण पुढे वायूच अपुरा पडू लागला. देशी वायूच्या वाटपात शहरी वापराला, म्हणजे रिक्षांचा सीएनजी आणि स्वयंपाकघरातील नळाचा वायू यांना, प्राधान्य मिळाले. ते वसई-विरारच्या रहिवाशांच्या सोयीचेच आहे, परंतु वाट्याला आलेल्या वायूत उरणचे सर्व संच एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालू शकत नाहीत. आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू महाग असल्याने तो जाळून तयार होणारी वीज बाजारभावात बसत नाही. तरीही वायू संच थोड्या वेळात सुरू करता येतो, तर कोळशाच्या थंड पडलेल्या संचाला कित्येक तास लागतात. संध्याकाळी सूर्यऊर्जा ओसरताच मागणी मात्र वाढत राहते, तेव्हा जाळ्याला नेमक्या याच गुणाची गरज भासते. म्हणून उपलब्ध वायू दिवसभर विखरून न वापरता त्या वेळेसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल; अर्थात वारंवारच्या चालू-बंदीने टर्बाइनची पाती लवकर झिजतात आणि बाष्पकाच्या नळ्यांवर ताण येतो, हा खर्चही त्या हिशेबात धरावा लागतो.