गिरणीचे पाणी

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या ज्या आवारात मुंबई महानगरपालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आखली आहे, तेथे ओस पडलेल्या इमल्यांच्या सान्निध्यात एक तळे आहे. योजनेच्या पहिल्या टप्प्यात त्याला मान मिळाला, तो त्यावर रंगीत कारंजी नाचवून गिरण्यांचा इतिहास दाखविण्यासाठी. लोकरंजन म्हणून ही तजवीज वाईट नाही. परंतु गिरणीच्या आवारातील तळे हे तिचे भूषण कधीच नव्हते, ते तिचे एक खातेच होते.

१८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी चालू झाली ती वाफेच्या बळावर, आणि पुढच्या गिरण्यांनीही तोच मार्ग धरला. इंजिनातले काम आटोपलेली वाफ थंड पाण्याने निववून पुन्हा तिचे पाणी करावे लागे. त्यात ऊन झालेले पाणी तळ्यात सोडावे, उघड्यावर निवू द्यावे आणि पुन्हा आत ओढावे, असा क्रम अहोरात्र चाले. समुद्र हाकेच्या अंतरावर असला तरी खारे पाणी बॉयलरला मानवत नसे, म्हणून गोड्या पाण्याची एवढी मातब्बरी. पुढे वीज आली, इंजिने मोडीत निघाली, तरी पाण्याची गरज सरली नाही. कारण कोरड्या हवेत सूत तुटते. तेव्हा बाहेरची हवा पंख्यांनी ओढून, पाण्याच्या तुषारांत धुऊन, खात्याखात्यांत सोडू लागले. सूत त्यामुळे शाबूत राही. मजूर मात्र त्या दमट उकाड्यात पाळीभर निथळत असे, हे नमूद केले नाही तर पाण्याचे हे कौतुक मालकाच्या दफ्तरात बसून लिहिल्यासारखे होईल.

आता पावसाच्या पाण्याकडे वळू. विणकामाच्या एकमजली शेडांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी: उत्तरेकडे उभट काच, जिच्यातून ऊन न येता सारखा उजेड यावा, आणि दक्षिणेकडे उतरते आच्छादन. दोन दात्यांमधल्या पन्हळीत पडणारे पाणी लांबच्या भिंतीपर्यंत नेणे अवघड, म्हणून अशा कित्येक इमारतींत छपराला आधार देणारे बिडाचे पोकळ खांबच पावसाचे पाणी जोत्याखालच्या गटारात उतरवीत. त्या खांबांवर टिचकी मारली की पोकळ नाद येतो.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले; त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात धुराडे आणि झगझगीत दुकाने शेजारी शेजारी पाहणाऱ्यास सांगावयास नको. काळाचौकीला निराळे काही करता येईल. मुंबईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे १,००० चौरस मीटर छपरावर सुमारे २० लाख लिटर पाणी. जेथे खांब पोकळ असतील तेथे त्यांतील गंज व कचरा काढून ते पाणी टाक्यांत उतरविले, तर शौचकूपांची व बागेची बरीचशी सोय होईल. वातानुकूलनाचे मात्र तारतम्य हवे. तुषारांनी हवा गार करण्याची युक्ती मुंबईच्या दमट हवेत फारशी चालत नाही, आणि जुने कापड व लाकडी साचे यांना ओल घातक; त्यापेक्षा यंत्रांनी आतली उष्णता शोषून ती तळ्याला पेलेल त्या मानाने त्यात सोडावी. इंजिनाच्या काळात तळे हेच तर करीत होते! कारंजी मग खुशाल उडवावीत. पाणी निवण्यास त्यांचीही मदत होईल.

आराखडा करणाऱ्याने एवढे मात्र करावे, की कागदावर रेघ ओढण्यापूर्वी काळाचौकी-लालबागच्या चाळींतून जुन्या जॉबरांना, म्हणजे मुकादमांना, व फिटरांना गाठावे. कोणत्या खात्यात छप्पर गळे आणि कोणते गटार तुंबे, याची माहिती नकाशापेक्षा त्यांच्यापाशी अधिक निघण्याचा संभव आहे.