मिठाच्या खड्यातली कंपने

खडेमिठाचा दाणा भिंगाखाली धरला तर त्याच्या चौकोनी कडा दिसतात. आत सोडियम आणि क्लोरीनचे आयन 2.82 अँगस्ट्रॉम अंतरावर एकाआड एक मांडलेले असतात आणि ते सतत थरथरत असतात. सगळे सोडियम एकीकडे आणि सगळे क्लोरीन दुसरीकडे, असे जे कंपन होते ते लाटेच्या दिशेला आडवे असेल तर सेकंदाला सुमारे 5 लाख कोटी वेळा होते. आयन लाटेच्या दिशेनेच हलू लागले की हाच आकडा 8 लाख कोटींच्या घरात जातो. आयन तेच, शेजाऱ्यांमधली ओढाताणही तीच. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात धन आणि ऋण भारांचे थर साचतात, त्यांचे विद्युतक्षेत्र उभे राहते आणि ते आयनांना जास्त जोराने मागे खेचते. आयनिक स्फटिकाच्या कोणत्याही प्रतिमानाची खरी परीक्षा या फरकापाशीच होते, असे माझे मत आहे.

बॉर्न आणि फॉन कार्मान यांनी 1912 मध्ये स्फटिकातल्या कंपनांचे गणित मांडले. 1940 मध्ये केलरमन यांनी ते मिठाला लावताना प्रत्येक आयन हा भार असलेला घट्ट गोळा मानला. विद्युतबल लांबवर पोचते, त्यामुळे प्रत्येक गोळ्यावर स्फटिकातल्या बाकी सगळ्या गोळ्यांचा परिणाम धरावा लागतो. संगणक हाताशी नसताना केलेले ते काम आजही थक्क करते. पण घट्ट गोळ्यात एक खोट होती आणि ती उघड्या डोळ्यांना दिसण्याजोगी होती. मिठाच्या स्वच्छ स्फटिकातून प्रकाश वळतो. त्याचा अपवर्तनांक 1.54 आहे. प्रकाशाच्या वेगवान हेलकाव्यांना जड आयन साथ देऊ शकत नाहीत, म्हणजे तिथे हलतात ते इलेक्ट्रॉन. गोळे खरोखर घट्ट असते तर हा अंक 1 आला असता!

ही खोट 1958 मध्ये डिक आणि ओव्हरहाउझर यांच्या शेल मॉडेलने भरून काढली : आयनाचा गाभा वेगळा, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचे कवच वेगळे आणि दोघांना जोडणारी एक स्प्रिंग. 1960 मध्ये वुड्स, कॉक्रन आणि ब्रॉकहाउस यांनी सोडियम आयोडाइडवर न्यूट्रॉन सोडून कंपने मोजली, तेव्हा घट्ट गोळ्यांचे आकडे फसले आणि कवचाचे बरेच जवळ आले. (ब्रॉकहाउस यांच्याबरोबर कॅनडात काम केलेले पी. के. अय्यंगार यांनी पुढे ट्रॉम्बेत याच तंत्राचा पाया घातला.) कवचाच्या या यशावर आक्षेप असा की चार आकडे वाढवले तर काहीही जुळवता येते. एरवी तो रास्तच आहे. पण कवचाचे मूळ आकडे प्रकाशाच्या आणि विद्युत मोजमापांतून येतात, न्यूट्रॉनच्या आलेखावरून नव्हे. शिवाय लिडेन, सॅक्स आणि टेलर यांनी 1941 मध्ये दिलेला नियम स्प्रिंगवर अवलंबून नाही. मिठाचा स्थिर डायइलेक्ट्रिक स्थिरांक 5.9, 1.54 चा वर्ग 2.37. पहिल्याला दुसऱ्याने भागून वर्गमूळ काढले तर सुमारे 1.58 येते. नियमानुसार हेच सरळ आणि आडव्या कंपनांच्या आकड्यांचे गुणोत्तर असायला हवे; 8 आणि 5 यांचे गुणोत्तर 1.6.

कवच आणि स्प्रिंग प्रत्यक्षात नाहीत, हे मान्यच आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये साधे कवच उघडे पडतेच : त्याच्या हिशेबाने लवचिकतेचे जे दोन स्थिरांक सारखे निघायला हवेत, ते प्रत्यक्षात खूप वेगळे आहेत. म्हणून 1966 मध्ये श्रोडर यांनी फुगणारे आणि आकसणारे कवच सुचवले. प्रतिमान कुठे मोडते हे इतके नेमके कळणे, हीच मला त्याची मोठी कमाई वाटते. आता संगणक थेट इलेक्ट्रॉनांपासून हिशेब मांडतो, मग ही जुनी कवचे कशाला, असेही विचारले जाते. कवचे नकोत हे खरे, पण दूरवर पोचणारे ते क्षेत्र काही सुटत नाही. स्फटिकाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून केलेल्या गणितात ते आपोआप येत नाही. डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि आयनांचा परिणामी भार घेऊन ते वेगळे घालावे लागते. त्या भाराला आजही बॉर्न यांचेच नाव आहे. मिठासाठी ही भर विसरली, तर लांब लाटेच्या टोकाला संगणक दोन्ही कंपनांपुढे 5 लाख कोटीच छापतो.