पडद्यामागचा मुलगा

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नेहमीप्रमाणे ज्वालामुखी होते, ठिबक सिंचन होते, कचऱ्यापासून वीज होती. एका टेबलावर मात्र पुठ्ठ्याचा, दीड हात उंचीचा यंत्रमानव ठेवला होता. डोळ्यांच्या जागी दोन दिवे, पोटात स्पीकर. नववीच्या तिघांनी तो घरात एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी केला होता. औषधाची वेळ झाली की आठवण द्यायची आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, एवढेच त्याचे काम. मी विचारले, "आज वार कोणता?" जरा थांबून बरोबर उत्तर आले. माझ्या सहपरीक्षकांनी विचारले, "रात्रीची गोळी मी घेतली का?" यंत्रमानव म्हणाला, "ते मला कसं कळणार? डबी उघडून बघा ना." हे उत्तर इतके चोख होते की त्यांना शंका आली. त्यांनी टेबलामागचा पडदा बाजूला केला. तिथे गटातलाच एक मुलगा मोबाइल तोंडाशी धरून बसला होता.

शून्य गुण. शेऱ्याच्या रकान्यात 'फसवणूक' हा शब्द. त्या कागदावर माझीही सही आहे.

आम्ही निघालो तेव्हा त्या गटातली मुलगी एक दोनशे पानी वही घेऊन मागे आली. "सर, ही तरी बघा," म्हणाली. मी दोन-चार पाने चाळली आणि परत दिली. ती मुले चुकली का, आणि चुकली असतील तर नेमकी कुठे, हा प्रश्न नंतर बरेच दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर हवे असेल तर माणसांमध्ये वावरणाऱ्या यंत्रमानवांच्या स्पर्धा कशा घेतल्या जातात ते पाहावे लागते.

आपल्याकडे शाळा-कॉलेजांत होणाऱ्या रोबो स्पर्धा बहुतेकांनी पाहिल्या असतील. काळ्या पट्टीवरून गाडी चालवणे, चक्रव्यूहातून बाहेर पडणे, चेंडू उचलून टोपलीत टाकणे. या सगळ्यांत मैदान ठरलेले असते. पट्टी आपण होऊन जागा बदलत नाही, चेंडू मधेच विचार बदलत नाही. माणूस या दोन्ही गोष्टी करतो.

रोबोकप ही यंत्रमानवांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा १९९७ साली जपानमधील नागोया येथे सुरू झाली. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवणारा यंत्रमानवांचा संघ तयार करायचा, हे तिचे जाहीर उद्दिष्ट. या स्पर्धेत २००६ साली जर्मनीतील ब्रेमेन येथे 'रोबोकप ॲट होम' नावाचा नवा विभाग उघडला. इथे फुटबॉल नाही. इथे एक घर उभारलेले असते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली, त्यांत नेहमीचे फर्निचर. दाराबाहेर यंत्रमानव उभा. दार उघडले की त्याने ते ओळखून आत यायचे आणि सांगितलेले काम करायचे. संघ बहुतेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे. काम चालू असताना विद्यार्थ्यांनी रिमोटने त्याला हलवायचे नाही.

कामे ऐकायला क्षुल्लक वाटतात. एक काम पाहुण्यांच्या स्वागताचे आहे. पाहुणा आला की त्याचे नाव आणि आवडते पेय विचारायचे, त्याला आत न्यायचे, यजमानाशी ओळख करून द्यायची, रिकामी खुर्ची दाखवायची. मग दुसरा पाहुणा आणायचा आणि दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. यात गुण कशाकशाला आहेत? नाव लक्षात ठेवण्याला तर आहेतच, पण ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडे तोंड करण्यालाही आहेत. आधीच कोणी बसलेल्या खुर्चीकडे हात करून यंत्रमानव "इथे बसा" म्हणाला, तर ते गुण गेले. अलीकडच्या वर्षांतले आणखी एक काम मला फार आवडते. घरात मेजवानी आहे आणि यंत्रमानवाने घराचे नियम पाळून घ्यायचे आहेत. बूट घालून आत यायचे नाही, अमुक खोलीत जायचे नाही, कचरा जमिनीवर टाकायचा नाही. कोणी नियम मोडला तर त्या माणसापाशी जाऊन त्याला तसे सांगायचे. चपला बाहेर काढा म्हणून पाहुण्याला सांगणे किती अवघड असते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको!

यातल्या एकेका कामात विज्ञान कुठे दडले आहे ते पाहू. "माझ्यामागे ये" म्हटल्यावर माणसामागे जाणे घ्या. अशा यंत्रमानवांच्या पायाशी बहुधा एक लेसर बसवलेला असतो. त्याचा किरण जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा फिरतो आणि समोरच्या वस्तू किती अंतरावर आहेत ते मोजतो. माणसाचे पाय त्याला दोन लहान कमानींसारखे दिसतात. खुर्चीचे पायही जवळपास तसेच दिसतात. कमानी पुढेमागे हलल्या तर माणूस, न हलल्या तर खुर्ची, असा साधारण हिशेब असतो. मग मधूनच दुसरा माणूस आडवा गेला की यंत्रमानव त्याच्यामागे चालू लागतो. हे टाळायला कॅमेऱ्याने कपड्यांचा रंग, चेहरा अशा खुणा जोडाव्या लागतात. आता आपल्या घरात हा यंत्रमानव आला अशी कल्पना करा. नऊवारी नसली तरी साधी पाचवारी साडी नेसलेल्या बाईचे दोन पाय लेसरला वेगळे दिसणारच नाहीत. एकच पसरट वळण दिसेल. पँट घातलेल्या माणसांवर शिकवलेली आज्ञावली तिला मोठी कुंडी समजली तर नवल नाही.

पेला आणायला सांगण्याचेही तसेच. खोली मोजणारे काही कॅमेरे अवरक्त प्रकाशाचे ठिपके वस्तूवर पाडतात आणि ते कुठे पडले यावरून अंतर काढतात. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठिपके स्वच्छ पडतात. काचेतून प्रकाश आरपार जातो, आणि चकचकीत स्टीलवरून भलतीकडे परावर्तित होतो. म्हणजे मांडणीवर ओळीने लावलेले आपले स्टीलचे पेले ही अशा कॅमेऱ्याची चांगलीच परीक्षा ठरेल.

पण हे सारे नजरेचे प्रश्न झाले, आणि ते हळूहळू सुटत आहेत. संभाषणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतील प्रश्नोत्तरे मोजली गेली. एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे ०.२ सेकंद जातात. भाषाभाषांत थोडा फरक आहे, पण सगळ्या याच्याच आसपास. इतक्या थोड्या वेळात समोरच्याचे वाक्य समजून उत्तर रचणे माणसालाही शक्य नाही. समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला लागतो. यंत्रमानव मात्र वाक्य संपल्याची खात्री होईपर्यंत थांबतो, मग आवाजाचे शब्द करतो, मग अर्थ लावतो. यात एक-दोन सेकंद गेले तरी माणूस अस्वस्थ होतो आणि प्रश्न पुन्हा विचारतो. झाले, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. जपानमधील संशोधकांनी २००८ साली यावर एक गमतीदार उपाय तपासला. यंत्रमानवाने उत्तर तयार होईपर्यंत 'एतो' म्हणायचे, म्हणजे आपल्या 'अं...' सारखे. तेवढ्यानेच उशीर माणसांना कमी खुपतो, असे दिसले.

मराठीत आणखी एक पेच आहे. वाक्य पुरे होण्याआधीच अर्थ लावायला लागावे, तर आपले क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही पुढे. "स्वयंपाकघरातला पेला आणू" इथपर्यंत ऐकून निघालेला यंत्रमानव "नकोस" ऐकेपर्यंत दारापाशी पोचलेला असेल. इंग्रजीत नकार आधीच येऊन जातो. शिवाय त्याने आजींना 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'? घरच्या नातवाने "आजी, तू जेवलीस?" म्हटले तर गोड वाटते. कालच आणलेल्या यंत्राने तसे म्हटले तर? मला स्वतःला 'तुम्ही' बरे वाटेल. पण हे माझे मत झाले, आजींना विचारले पाहिजे.

आता मदतीचा नियम. समजा, यंत्रमानवाला पेला उचलता येत नाही. 'रोबोकप ॲट होम'मध्ये तो पंचांना म्हणू शकतो, "कृपा करून पेला माझ्या हातात द्या." उचलण्याचे गुण कापले जातात, पण काम पुढे चालू राहते. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. जे येत नाही ते येत नाही म्हणून मोकळेपणी सांगणे आणि नेमकी हवी तेवढी मदत मागणे, हेही माणसात वावरण्याचेच कौशल्य आहे. लपवून घेतलेली मदत मात्र तिथे चालत नाही. या नियमाने आमचा पडद्यामागचा मुलगा बाद झाला असता, यात शंका नाही.

पण स्पर्धांचा दुसराही एक प्रकार आहे. माणूस आणि यंत्रमानव यांच्यातील व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय परिषद २००६ पासूनच भरते. पहिली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला झाली. या परिषदेच्या जोडीने विद्यार्थ्यांसाठी अलीकडे आराखड्यांची स्पर्धाही घेतली गेली आहे. अशा ठिकाणी तयार यंत्रापेक्षा कल्पनेला महत्त्व असते. हा यंत्रमानव कोणासाठी आहे, त्या माणसाला नेमके काय हवे आहे, तुम्ही त्याला विचारले का, विचारल्यावर आराखड्यात काय बदलले? पारो नावाच्या जपानी यंत्राचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. ताकानोरी शिबाता यांनी रुग्णांच्या सोबतीसाठी केलेला हा लोकरी प्राणी सीलच्या पिल्लासारखा आहे. आधी त्यांनी मांजर करून पाहिले होते. पण मांजर सगळ्यांच्या ओळखीचे, त्यामुळे लोक लगेच खऱ्या मांजराशी तुलना करू लागले. सील कोणी मांडीवर घेतलेला नसतो! हे शहाणपण प्रयोगशाळेत बसून सुचत नाही, ते लोकांसमोर यंत्र ठेवल्यावर येते.

आणि यंत्र अजून तयारच नसेल तर? त्यावर १९८०च्या सुमारास जॉन केली या अमेरिकन संशोधकाने वापरलेली युक्ती आहे. भेटीगाठींच्या नोंदी ठेवणारा आणि साध्या इंग्रजीतले बोलणे समजणारा संगणक-कार्यक्रम त्यांना करायचा होता. लोक त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलतील हेच ठाऊक नव्हते. तेव्हा लोकांना संगणकासमोर बसवून, त्यांच्या नकळत पलीकडे स्वतः बसून त्यांनी उत्तरे दिली आणि आलेले प्रत्येक वाक्य नोंदवले. त्या वाक्यांवरून कार्यक्रम लिहिला. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या गोष्टीतला ओझचा जादूगार पडद्याआडून सगळे चालवतो, म्हणून या पद्धतीला 'ओझचा जादूगार' हेच नाव पडले. माणसांशी बोलणाऱ्या यंत्रमानवांवरच्या संशोधनात ती आजही सर्रास वापरली जाते. तिची अट एकच: निबंधात तसे स्पष्ट लिहायचे, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याला शेवटी तरी खरे सांगायचे.

म्हणजे त्या मुलांची चूक मुलगा पडद्यामागे बसवण्यात नव्हती. तक्त्यावर तसे लिहिले नाही, ही चूक. आणि आमची चूक अशी, की पडदा बाजूला केल्यावर "हा इथे कशाला बसला आहे?" एवढेही आम्ही विचारले नाही.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. त्याला मोटर लागत नाही की संगणक लागत नाही. एक खोके, त्यामागे एक विद्यार्थी, आणि त्याच्यासाठी आधी लिहून ठेवलेली दहा-बारा उत्तरे. यादीबाहेरचे बोलायला त्याला सक्त मनाई. काही न जुळल्यास "मला समजलं नाही" एवढेच म्हणायचे. समोर शक्यतो दुसऱ्या वर्गातली मुले, शाळेतले शिपाईकाका, डबा घेऊन आलेली कोणाची आजी असावी. स्वतः बनवणाऱ्याने प्रश्न विचारू नयेत, कारण तो नकळत यादीतलेच विचारतो. तिसऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे, व्याकरण न सुधारता. शेवटी पडदा काढून सगळे सांगून टाकावे. "मला समजलं नाही" किती वेळा म्हणावे लागले ते मोजा, यादी सुधारा, आणि दुसऱ्या दिवशी नव्या माणसांवर पुन्हा करून पाहा. आकडा कमी होतो का, याचा आलेख मुलांना काढता येईल.

त्या दोनशे पानी वहीत हेच होते. गटातल्या एका मुलाच्या आजीपाशी तो पुठ्ठ्याचा यंत्रमानव आठवडाभर ठेवला होता, आणि ती जे बोलली ते सगळे तारीखवार टिपले होते. मी चाळलेल्या पानांवर औषधाविषयी जेमतेम एक-दोन वाक्ये होती. बाकी "मोठ्यानं बोल", "लाईट कधी येणार?", "सुनेला सांगू नकोस", असे. एक वाक्य तीन वेगवेगळ्या तारखांना आलेले आठवते: "तू जेवलास का रे?" समोर उत्तराचा रकाना आखला होता. तिन्ही वेळा तो कोराच होता.