सेवाग्रामची शंका

वैद्यकावरचा अविश्वास वर्धा जिल्ह्याला नवा नाही. ज्या दोघांमुळे हा जिल्हा देशाच्या नकाशावर ठळक झाला, ते महात्मा गांधी आणि विनोबा भावे डॉक्टरी उपचारांकडे संशयाने पाहत. याच जिल्ह्यातल्या, गांधींच्या सेवाग्रामात आज वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कोविडच्या साथीत देशभर नावाजलेल्या औषधांवर तिथल्याच डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह लावले. साथीतले सरकारी उपाय लोक का नाकारतात आणि त्यातले कोणते नाकारणे रास्त असते, हे पाहायला वर्ध्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

या अविश्वासाची मुळे गांधींच्याही आधीची आहेत. घरात देवीचा रोग शिरला की ‘देवी आल्या’, म्हणजे देवताच पाहुणी आली, असे मानले जाई. औषध द्यायचे नाही, कडुलिंबाचा पाला ठेवायचा, घरातल्यांनी पथ्य पाळायचे. देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, येणारा सरकारी माणूस म्हणजे या पाहुणीचा अपमान करणारा. त्यात तो सरकारचा, आणि सरकार परके. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तो पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, सामान जाळले, रुग्णांना आणि संशयितांना उचलून नेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रुग्ण वेगळे ठेवण्यामागचा विचार चुकीचा नव्हता, पण तो राबवण्याची रीत अशी होती की लोक प्लेगपेक्षा सोल्जरांनाच अधिक भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले.

लसीवरच्या अविश्वासालाही एक खरे कारण मिळाले. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल या गावी एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, नोकरीवर गदा आली. जंतू प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात बाटली उघडताना शिरल्याचे पुढे दिसून आले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. मृत्यूची बातमी मात्र खुलाशाच्या किती तरी आधी गावोगाव पोचली होती.

गांधींचा विरोध वेगळ्या जातीचा होता. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी इस्पितळांना पापाची मुळे म्हटले. माणूस असंयमाने खातो, डॉक्टर गोळी देतो, आणि तो पुन्हा तसाच वागायला मोकळा होतो, असा त्यांचा युक्तिवाद. देवीची लस वासरांवर तयार होत असे, म्हणून ती त्यांना हिंसक आणि अमंगळही वाटे. १९३० मध्ये, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमती आश्रमातली तीन मुले देवीने दगावली. त्यांत आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. गांधींचे मत तरीही बदलले नाही. त्यांच्या आयुष्यातला हा भाग भक्तांना अवघड जातो आणि तो तसाच सांगायला हवा: लस देवीपासून वाचवते, ही गोष्ट तेव्हाही शंभर वर्षांच्या अनुभवाने ठरलेली होती.

पण गांधी नुसते नकार देणारेही नव्हते. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे अपेंडिक्स काढले आणि त्यांनी ते काढू दिले. फेब्रुवारी १९२१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या उद्‌घाटनात त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीची स्तुती केली आणि वैद्य-हकिमांनी शोध घेणे सोडून दिल्याबद्दल त्यांना चार शब्द सुनावले. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षी मलेरियाने गाठले तेव्हा त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल व्हावे लागले. एरवी आश्रमाची चिकित्सा म्हणजे मातीच्या पट्ट्या, एनिमा, एरंडेल, सोडा आणि पथ्य. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना त्यांनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः मालिश केले. त्या काळी डॉक्टरही ज्याला हात लावायला कचरत, त्या रोगाबाबत गांधी भीतीपलीकडे गेले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेत कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत असताना विमानाने पेनिसिलिन आणवले गेले. मुलगा देवदास गांधी ते देण्याच्या बाजूचे होते. जाणाऱ्या जिवाला दर काही तासांनी सुया टोचू नयेत, असे गांधींचे म्हणणे पडले आणि तेच मानले गेले.

त्या कस्तुरबांच्याच नावाने सेवाग्रामात रुग्णालय उभे राहिले, आणि ते उभे केले अॅलोपॅथी शिकलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी. आश्रमात आल्यावर लगेचच त्यांनी या भागातली कॉलऱ्याची साथ हाताळली होती. १९६२ ते १९६७ त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. शंकेखोर गुरूच्या अंगणात वैद्यकाचे कॉलेज निघाले, यात विसंगती दिसते खरी. पण खेड्यात राहायचे आणि अनावश्यक औषध टाळायचे, हे वळण संस्थेने गुरूकडूनच घेतले. डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत राबवलेल्या आरोग्य विम्यात शेतकरी सुगीला ज्वारी देई. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. दवाखाना आपल्या धान्यावर चालतो म्हटल्यावर तिथल्या डॉक्टराला जाब विचारायलाही गावकऱ्याला संकोच वाटत नसे.

विनोबांनी वेगळाच प्रश्न उभा केला. नोव्हेंबर १९८२ मध्ये वर्ध्याजवळच्या पवनारच्या आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडले. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या, डॉक्टरांनी विनवले. विनोबा बधले नाहीत. १५ नोव्हेंबरला ते गेले. स्वतःच्या देहापुरता नकार आणि साथीतला नकार यांत मात्र फरक आहे. पवनारच्या त्या खोलीत दुसऱ्या कोणाला संसर्ग होणार नव्हता.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढला. संशयही जुन्याच वाटेने आला. कोविड सेंटरमध्ये नेलेला माणूस परत येत नाही, तिथे किडनी काढतात, सुई घेतली की मूल होत नाही, असल्या अफवा राज्यभरच्या खेड्यांत फिरल्या. त्यांतली शेवटची दोन निखालस खोटी. पहिलीच्या मागे मात्र डोळ्यांनी पाहिलेले काही तरी होते: प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मृतदेह, दूर उभे केलेले नातेवाईक, शेवटचे तोंडही न दिसणे. ऑक्सिमीटर घेऊन दारात येणाऱ्या आशाताईला लोक ‘कशाला पाहता, पॉझिटिव्ह निघालो तर नेता’ म्हणून परतवत, त्यामागे ही भीती होती.

शंकेला खतपाणी सरकारनेही घातले. २०२० च्या उन्हाळ्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने ग्रामीण भागातल्या पाच कोटी लोकांना आर्सेनिकम अल्बम-३० या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायचे ठरवले. या गोळ्या कोविड रोखतात याला कसलाही भरवशाचा पुरावा नव्हता. कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना देण्याचेही तेच झाले. देशातल्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या चाचणीत प्लाझ्माने मृत्यू कमी झाले नाहीत. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तरी मे २०२१ पर्यंत प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शक सूचनांत राहिला आणि लोक दात्यांसाठी वणवण करत राहिले.

सर्वांत बोलके उदाहरण रेमडेसिविर या औषधाचे, आणि ते वर्ध्यातच घडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे वेगवेगळ्या गटांत वाटले होते. असे केले म्हणजे कोण बरा होणार हे डॉक्टरच्या निवडीवर अवलंबून राहत नाही, आणि गटागटांतला फरक औषधाच्या नावे मांडता येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये कळले की रेमडेसिविरने मृत्यू घटलेले दिसत नाहीत. नोव्हेंबरात संघटनेने ते न वापरण्याचा सल्ला दिला. तरीही एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या कुप्या काळ्या बाजारात गेल्या, नातेवाइकांनी दागिने मोडले. मे महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत त्याचे उत्पादन सुरू झाले. दिवसाला ३० हजार कुप्यांचे उद्दिष्ट होते. तिथून काही किलोमीटरवर, कस्तुरबा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. एस. पी. कलंत्री हे औषध जीव वाचवते याला पुरावा नाही, असे जाहीरपणे सांगत होते. ज्या औषधाने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचतात असे जून २०२० मध्येच सिद्ध झाले होते, ते डेक्सामेथासोन काही रुपयांत मिळे. त्यासाठी रांगा लागल्या नाहीत. पुढे २०२२ मध्ये, गंभीर होण्याचा धोका असलेल्या रुग्णांसाठी आरोग्य संघटनेने रेमडेसिविरबाबतचा सल्ला सौम्य केला. नवा पुरावा आला की मत बदलते. अफवेची शंका आणि सेवाग्रामची शंका इथे वेगळ्या होतात, कारण अफवेला कोणताही पुरावा पुरत नाही.

लसीबाबत या दोन शंकांची गल्लत सर्वांत जास्त झाली. कोविशिल्डमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा दुष्परिणाम खरा आहे, पण अत्यंत विरळ. कोविडने मरण्याचा धोका, विशेषतः वयस्कांना, त्याहून कितीतरी मोठा होता. हे आकड्यांनिशी सांगण्याऐवजी प्रशासनाने पुष्कळदा बडगा उगारला. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेणाऱ्यांना रेशन आणि पेट्रोल देऊ नये, असा आदेश निघाला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण अवाजवी नसल्याचे म्हटले, पण कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, असे स्पष्ट केले आणि दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवायला सांगितले.

१८९७ चा कायदा अजून लागू आहे. हुकूम मोडणाऱ्याला त्यात शिक्षा आहे, आणि सद्‌भावनेने केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही. २०२० मध्ये त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारी दुरुस्ती झाली; रुग्णाच्या हक्काचे कलम तेव्हाही आले नाही. हा कायदा अपुरा आहे, त्यात सुधारणा करा किंवा नवा आणा, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६ व्या अहवालात केली आहे.