जुन्या जीपची जात चासीवरून ओळखा

चंद्रपूर आणि गडचिरोली हा सागाचा नि बांबूचा मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्हे दोन झाले, जंगल मात्र एकच राहिले. असल्या वाटांवर चारही चाकांना जोर लावणारी जीप कामाची. म्हणूनच तिकडच्या जुन्या जीपचा सौदा निघाला, की "महायुद्धातली अस्सल गाडी आहे, पाटील!" हे वाक्य ठरलेलेच. हे अस्सलपण कसे तपासावे, याची माहिती सभासद बंधूंना असावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

बल्लारपूर किंवा आलापल्लीच्या डेपोत सागाच्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो. माल कुठला, हे माणसापेक्षा तो शिक्का खरे सांगतो. जीपचेही तसेच. तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बोलते.

१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत युद्धासाठी सुमारे ६ लाख ४० हजार जीपा तयार झाल्या. विलीज कंपनीची ती 'एमबी' आणि फोर्डची ती 'जीपीडब्ल्यू'. फोर्डने विलीजच्याच नमुन्यावर गाडी बांधली, म्हणून एकीचे भाग दुसरीला बसतात. युद्ध संपल्यावर सैन्याचा शिल्लक माल विक्रीला निघाला. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनेही मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली. इतक्या वर्षांत एकीचे इंजिन दुसरीत, तिसरीचे बोनेट चौथीवर, हे चालायचंच. म्हणून वरच्या रंगावर जाऊ नका, खाली वाका.

पहिली खूण आकड्याशिवायची. रेडिएटरच्या खाली चासीची आडवी पट्टी बघा. ती गोल नळीची असेल तर सांगाडा विलीजचा, उलट्या नालीसारखी चौकोनी असेल तर फोर्डचा.

दुसरी खूण आकड्याची. फोर्डने आपला आकडा थेट लोखंडात ठोकला. चासीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनाजवळ, 'जीपीडब्ल्यू' ही अक्षरे आणि पुढे आकडा सापडतो. युद्धकाळातल्या विलीजचा आकडा मात्र पुढच्या बंपरमागे, डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असे. रिव्हेट तोडून ही पट्टी दुसऱ्या गाडीला लावता येते, हे ध्यानात ठेवा. विलीजची पट्टी आणि आडवी पट्टी चौकोनी, तर समजा, दोन गाड्यांची एक झाली आहे.

तिसरी खूण बारीक. फोर्डने आपल्या कित्येक भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपले 'एफ' अक्षर उमटवले. शिवाय कारखान्यातून निघताना फोर्डच्या चासीचा नि इंजिनाचा आकडा एकच असे. विलीजमध्ये ते वेगवेगळे असत. आणि बोनेट उंच असलेली गाडी महायुद्धातली म्हणून कुणी गळ्यात मारू लागला, तर हसून सोडून द्या. उंच बोनेटचे 'सीजे-३बी' मॉडेल १९५३ मध्ये आले.

आकडा वाचायचा तर घाई नको. रॉकेलच्या फडक्याने वंगण काढा, रंग हलक्या हाताने सोडवा, वरून खडू फिरवा. मग कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या. ग्राइंडर मुळीच लावू नका. पुसलेला आकडा परत येत नाही. आकडे वाकडे-तिकडे, शेजारी वेल्डिंगचा डाग किंवा घासून खोलगट झालेली जागा दिसली, तर पैसे खिशातच राहू द्या.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. नंबरप्लेटवरच्या एमएच-३३ किंवा एमएच-३४ वरून गाडी गडचिरोलीत नोंदली की चंद्रपुरात, एवढेच कळते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडीवरचा चासी वा इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळला नाही, तर मालकाचे म्हणणे ऐकून नोंदणी रद्द होऊ शकते. विकणारा निघून जातो, निस्तरावे लागते घेणाऱ्याला. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'विंटेज' नोंदणी मिळू शकते, पण तिथेही मूळ चासी बदललेली चालत नाही.

आपण उसाचे वजन तोंडी मानत नाही, काट्याची पावती मागतो. जीप घेतानाही तेच करा. नोंदणी पुस्तक हातात घ्या, गाडीखाली वाका, एकेक आकडा जुळवा आणि मगच इसार द्या.