घर बांधताना जागेवर कधी जावे?

इंदुरात घर बांधायला काढले की भूमिपूजन, चौकट आणि वास्तुशांत या दिवशी सारे कुटुंब जागेवर असते. बांधकामाच्या दृष्टीने मात्र आणखी तीन दिवस महत्त्वाचे आहेत, कारण त्यानंतर झालेले काम झाकले जाते.

पहिला दिवस पाया खोदून झाल्यावरचा. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून पाया तिच्याखालच्या घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. खड्डा भरण्याआधी तळ इंजिनिअरला दाखवावा.

दुसरा दिवस स्लॅब ओतण्याच्या आदला. सळया नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत का आणि त्यांच्याखाली कव्हर ब्लॉक ठेवले आहेत का, हे पाहावे. सळई सेंटरिंगच्या फळीला टेकली, तर पुढे ती गंजते आणि छताचे तुकडे सुटू लागतात. स्लॅब ओतल्यावर पाण्याकडे लक्ष हवे. कोरड्या, उष्ण हवेत पीपीसी सिमेंटचा स्लॅब किमान १४ दिवस सतत ओला राहिला पाहिजे.

तिसरा दिवस गिलाव्याआधीचा. भिंतीतल्या विजेच्या आणि पाण्याच्या पाइपांचे मोजपट्टी लावून फोटो काढावेत. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना ते उपयोगी पडतात.

मुले परगावी असतील आणि रजा मोजकीच असेल, तर एक फेरी स्लॅबच्या आदल्या दिवसासाठी जरूर राखून ठेवावी.